परण्या माघारी फिरला होता

पोरी,

ऊसतोडीला निघालेल्या टोळीवरची तुझी साडेअकरा मिनिटांची फिल्म मी तीनदा बघितली. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसती ऐकली, आणि तिसऱ्यांदा चहा पीत, साध्या माणसासारखी. तूही करून बघ. कुठे काय दुखतंय ते लगेच कळतं.

आधी ट्रॅक्टर. शाळेपाशी तो डावीकडून उजवीकडे निघतो आणि पुढच्याच शॉटमध्ये, पुलावर, उजवीकडून डावीकडे. मधे तू रस्ता ओलांडलास हे बघणाऱ्याला कसं कळावं? त्याला वाटतं गाडी गावात परतली. चालत्या गाडीच्या वाटेवर मनात एक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा, हाच तो १८० अंशांचा नियम. मी तो पुस्तकातून नाही शिकलो. अंबाजोगाईकडच्या एका लग्नाचं शूटिंग करताना परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला निघाला, ऊन लेन्समध्ये यायला लागलं म्हणून मी पलीकडे गेलो. पुढे कॅसेट लावल्यावर नवरीचे आजोबा भर बैठकीत म्हणाले, "नवरदेव रुसून माघारी निघाला का काय?" सगळे हसले. माझे पैसे मात्र दोन महिने लटकले.

दुरुस्ती तेव्हा परवडायची नाही. दोन व्हीसीआर जोडून एकावरून दुसऱ्यावर उतरवायचं, म्हणजे आपलं 'मिक्सिंग'. दहाव्या मिनिटाला काही घुसवायचं तर पुढचं सगळं पुन्हा उतरवा, आणि दर कॉपीला चित्र आणखी फिकट. तुझं काम सोपं आहे. ट्रॅक्टर समोरून अंगावर येतो तो शॉट तुझ्याकडे आहे, तो मधे टाक. त्याला डावं-उजवं नाही, म्हणून दिशा बदलली तरी खटकत नाही. पुलाचा शॉट आरशासारखा उलटवू मात्र नकोस, ट्रॉलीवर रंगवलेलं नाव उलटं दिसेल.

आता आजी. खरं तर हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ पैशांच्या, नोटा मोजतो, लगेच आजीचा चेहरा, आणि आपल्याला तिचा राग दिसतो. मी मोबाईलवर तोच चेहरा दाराला कुलूप लावण्याच्या शॉटमागे जोडून बघितला. राग गेला, एकटेपण आलं. चेहरा तोच, एक फ्रेमही वेगळी नाही. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या वाटीपुढे, शवपेटीपुढे आणि एका बाईपुढे जोडला. लोकांना त्यात भूक, दुःख, ओढ दिसली, असं सांगतात. तो नट होता गं. ही तुझ्या शेजारची आजी आहे. नोटा मोजताना ती तिथं होती का? मला वाटतं नव्हती. तिच्यामागे ऊन संध्याकाळचं आहे आणि मुकादमावर सकाळचं. मग तो राग तिचा नाही, तू तिच्या तोंडी घातलास. कोयत्यात, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, नवरा-बायको दोघं गेले, घरात ही आणि नातू राहिले, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. कुलपामागेच ठेव तिला. आणि ती बोलायची थांबते तिथं कात्री लावू नकोस. नंतरची दोन सेकंदं, म्हणजे सेकंदाला पंचवीसच्या हिशेबानं पन्नास फ्रेम, ती पदर तोंडाशी नेते. तू नेमकं तेच उडवलंयस.

संगीत काढ. ड्रोनही एकदाच पुरे. गाव वरून बघायची हौस गावाबाहेरच्याला. त्याऐवजी ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा आवाज आजीच्या चेहऱ्याखाली सुरू होऊ दे. याला जे-कट म्हणतात. कान आधी निघतो, डोळा मागून येतो. त्यासाठी तिच्या अंगणातली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आण. जोडताना भोकं बुजवायला लागतेच.

आठव्या मिनिटानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तो तुझा दोष नाही. मोबाईल दर सेकंदाला सारख्या फ्रेम घेत नाही. आधी सगळ्या फाइली ठरावीक फ्रेमरेटला बदलून घे, मगच टाइमलाइनवर टाक.

मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेव. नवा कट आधी आजीला दाखव, मग मला पाठव.

तुझा,
काका