गल्ल्यावर बसलेल्या माणसाला उठून बाहेर जाता येत नाही

तुम्ही विचारलंय की सिगारेट विकायला बंदी नाही, सरकार तिच्यावर घसघशीत कर घेतं, मग स्वतःच्या पैशाने घेतलेली सिगारेट ओढायला आम्हाला चोरासारखं बाहेर का जावं लागतं? हॉटेलात एक कोपरा आमच्यासाठी ठेवला तर काय बिघडतं?

मी गेली एकोणीस वर्षं ओढतो, त्यामुळे हे उत्तर सिगारेटचा तिटकारा असलेल्या माणसाचं नाही. बंदी मला अन्यायाची वाटत नाही. ती राबवताना मात्र अन्याय होतो, आणि तो बहुतेक वेळा बिडी ओढणाऱ्या गरिबाच्या वाट्याला येतो. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी माझ्या थोरल्या मामांबद्दल सांगू द्या, कारण माझं मत तिथे बनलं.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, तंबाखूच्या पुडीला कधी हात लावला नाही. गावाकडची जमीन कोरडवाहू होती, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने पनवेलजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये गल्ल्यावर नोकरीला लागले. माळ घालून दारूच्या धंद्यात बसायचं हे त्यांना कायम बोचलं, पण तीन मुलं शिकवायची होती. १९८७ पासून बावीस वर्षं ते त्या एका खुर्चीवर बसले, सकाळी अकरा ते रात्री बारा.

गल्ल्याच्या वर त्यांनी विठ्ठलाची तसबीर लावली होती. एकादशीच्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, ते तिची काच ओल्या फडक्याने पुसायचे. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला असायचो, तेव्हा हे स्वतः पाहिलंय. पांढरं फडकं काचेवरून एकदा फिरलं की चहात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. पंधरा दिवसांत एवढा थर. भटारखाना मागे वेगळ्या शेडमध्ये होता, म्हणजे तो फोडणीचा धूर नव्हता. देवाच्या काचेवर पंधरा दिवसांत जे बसत होतं ते मामांच्या छातीत बावीस वर्षं जात होतं. हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

नोकरी सोडल्यावर दोन-तीन वर्षांत जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावलं, कागद पाहिला आणि विचारलं, "काका, किती वर्षं ओढताय?" मामांनी काही न बोलता सदऱ्यातून माळ बाहेर काढून दाखवली. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कामाला कुठे होतात?" निदान सीओपीडीचं झालं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा आजार. डॉक्टर प्रामाणिक होते. एका माणसाचा आजार अमुक एकाच कारणाने झाला असं बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणाले. लहानपणची चूल आहे, हायवेचा धूर आहे. पण ती बावीस वर्षं हिशोबातून वगळताही येणार नाहीत. माझ्या खिशात तेव्हा पाकीट होतं. त्या दिवशी ते बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

"आम्हाला बाहेर जावं लागतं" हे तुमचं वाक्य मी त्या खुर्चीवरून वाचतो. मला उठून जाता येतं. पाच मिनिटांत एक ओढून परत जागेवर येता येतं. मामांना गल्ला सोडून जाता येत नव्हतं, आणि धूर सहन होत नाही म्हणून नोकरी सोडली असती तर घर बसलं असतं. दोघांपैकी कुणीतरी हलायचं असेल तर ज्याला हलता येतं त्याने हलावं. माझ्या लेखी न्याय-अन्यायाचा प्रश्न एवढाच आहे. आपण भरलेला कर या हिशोबात येत नाही, कारण त्या कराने मामांच्या छातीतली जागा कुणी विकत घेतली नव्हती.

आपल्याकडे ही बंदी आली तीसुद्धा याच युक्तिवादाने. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान बेकायदा ठरवलं. पाठोपाठ मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बसमधलं धूम्रपान थांबवायला सांगितलं. आधार घेतला घटनेच्या २१व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. न ओढणाऱ्याला केवळ सार्वजनिक जागी जावं लागतं म्हणून त्याने आजार का ओढवून घ्यावा, असा न्यायालयाचा सवाल होता. मग २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी हॉटेलं, बार, कामाच्या जागा, मॉल, थिएटरं सगळी त्यात आणली. आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबमधली सिगारेट बंद केली, तेव्हा तिथेही मुद्दा तिथल्या कामगारांच्या तब्येतीचाच होता.

आता कोपऱ्याचं. एका छताखाली धूर कोपऱ्यात थांबत नाही. एसी तीच हवा फिरवत राहतो. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार बायकांची चौदा वर्षं माहिती ठेवली होती. नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, हे त्यांनी १९८१ मध्ये मांडलं. घरात कायदा येत नाही. मी बाल्कनीचं दार लावून ओढतो ते या अभ्यासामुळे.

तरीही तुम्ही मागताय ती सोय कायद्यात आहेच. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते. अट अशी की भिंती छतापर्यंत हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं, धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा हवी, आणि ती खोली येण्या-जाण्याच्या दाराशी नको. २०१७ पासून तिथे काही वाढायचंही नाही. मला ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेटरला ट्रे घेऊन त्या धुरात पाठवायचं नाही, असा तिचा सरळ अर्थ आहे.

"समजुतीने घ्यावं, कायदा कशाला" असंही बरेच जण म्हणतात. समजुतीचा प्रयोग करून झालाय. रेल्वे कायद्याचं १६७वं कलम वाचा. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढू नये, अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे बोलण्याची जबाबदारी त्रास होणाऱ्यावर. रात्रीच्या पॅसेंजरमध्ये समोर चार बाप्ये बिड्या ओढत बसलेत आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाईने हरकत घ्यायची! माझ्या आईने कधी घेतली नाही. ती पदर बहिणीच्या नाकावर धरून बसायची. मामांनी तरी कुणाला सांगायचं होतं, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला की शेठला?

आपण ओढणारे थोडे आहोत म्हणून आपल्यावर बहुमताची जबरदस्ती होते, असंही मला वाटत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. तंबाखू, मावा, मिश्री यांचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट. पण शंभरातले ऐंशी ओढत असते तरी मामांची खुर्ची तिथेच राहिली असती.

आता अन्यायाबद्दल. २००८ ला बंदी आली तेव्हा मामांच्या शेठने राखदाण्या उचलल्या. आठ दिवसांनी टेबलांवर स्टीलच्या वाट्या आल्या, तळाशी बोटभर पाणी घातलेल्या. मामा आणखी वर्षभर तिथे होते, फडकं तसंच निघत होतं. आणि त्याच सुमारास मी एका एसटी स्टँडवर साठीच्या घरातल्या हमालाच्या नावाने दोनशे रुपयांच्या दंडाची पावती फाडली जाताना पाहिलं. शेवटच्या फलाटाच्या टोकाला उकिडवा बसून बिडी ओढत होता. स्टँडवर बंदी आहे, पावती नियमाला धरून होती, मान्य. पण त्याने कमरेच्या पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून मोजून दिल्या. ती त्याची दिवसभराची हमाली असावी. समोरच्या एसी बारमध्ये मात्र वाट्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. नियमांत मालकावरही जबाबदारी आहे. राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचं नाही, आणि तक्रारीकडे काणाडोळा केला तर जितके ओढणारे सापडतील त्या हिशोबाने दंड मालकाला. ही बाजू राबवताना मी फार कमी वेळा पाहिली. माझा राग बंदीवर नाही, या निवडीवर आहे.

हे मात्र लक्षात ठेवा: मोकळा रस्ता या बंदीत येत नाही. कायद्यातल्या सार्वजनिक जागेच्या व्याख्येत मोकळी जागा वगळलेली आहे. नियमांनी बस थांबे, स्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम यांना त्यात घेतलंय. टपरीपासून चार पावलं दूर, कुणाच्या तोंडावर धूर जाणार नाही असं उभं राहून ओढलं तर तुम्ही चोर नाही. तिथे कुणी पावती फाडायला लागलं तर कुठल्या कलमाखाली ते शांतपणे विचारा. आणि आत बसलेले असताना शेजारच्या टेबलावर धूर निघाला तर भिंतीवरची पाटी शोधा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिच्यावर लिहिणं बंधनकारक आहे.

सोडायची असेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे. सरकारने पावत्यांइतका जोर अशा मदतीवर लावला असता, त्या हमालापर्यंत ती मराठीत, स्टँडवरच पोचवली असती, तर बंदीबद्दलची तुमची तक्रार निम्मी झाली असती असं मला वाटतं.

मामा आता गावी असतात. पूर्ण वारी झेपत नाही, वाखरीपासून पंढरपूरपर्यंतच चालतात, खिशात इनहेलर ठेवून. या आषाढीला मी बरोबर होतो. दर अर्ध्या किलोमीटरला बसावं लागत होतं. एकदा झाडाखाली बसले असताना त्यांनी विचारलं, "तुझ्या किती होतात आता?" मी म्हटलं, चार. "गेल्या वारीला सहा होत्या," म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले.