बिजागर तुटलेल्या लॅपटॉपचा डेस्कटॉप

प्रश्न : जुन्या लॅपटॉपचे बिजागर तुटले, बॅटरी फुगली. एचडीएमआयवरून मॉनिटरला जोडल्यावर मात्र नीट चालतो. मदरबोर्ड प्लायवूडच्या पेटीत बसवून मॉनिटरमागे टांगावा म्हणतो. काय सांभाळू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी बॅटरी. अ‍ॅडाप्टर काढा, पाठ उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. फुगा टोचू किंवा दाबू नका, आतला वायू पेट घेतो. ती ई-कचऱ्यातच द्या. मग बॅटरीविना अर्धा तास चालवून पाहा. काही मॉडेले अशा वेळी प्रोसेसर मुद्दाम मंद करतात. तसे झाले तर पेटीचा खर्च करण्यात अर्थ नाही.

बोर्ड पूर्ण उघडा करण्याची हौस आवरा. पंखा हवा कुठून ओढणार हे खालचे कवच ठरवते. ते तसेच ठेवून फक्त स्क्रीनचे झाकण उतरवणे बरे. त्या झाकणात वायफायच्या दोन तारा असतात. त्या कापल्या तर सिग्नल शेजारच्या खोलीतही पोचत नाही. अँटेनासकट सोडवून प्लायच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा, पत्र्यापासून दूर.

पॉवर बटण बहुधा कीबोर्डच्या वरच्या पट्टीत किंवा कीबोर्डमध्येच असते, तेव्हा तो भाग टाकू नका. रिबन केबल (चपटी, पट्टीसारखी तार) ओढू नका. आधी कनेक्टरची छोटी खिट्टी नखाने उचला. पेटीच्या दाराला चुंबकाची कडी लावू नका. झाकण बंद झाल्याचे ओळखणारा सेन्सर चुंबकानेच चालतो, त्यामुळे मशीन मध्येच झोपी जाते. हा दोष शोधताना लोक विंडोज पुन्हा टाकतात!

आपल्याकडची खारी, दमट हवा विसरू नका. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या, लोखंडी पहिल्याच पावसात गंजतील. पेटी ओल येणाऱ्या भिंतीपासून दोन इंच पुढे टांगा, भोकांना बारीक जाळी लावा (पाली आत शिरतात), पण पंख्याचे तोंड मोकळे ठेवा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवा. बॅटरी नसल्याने वीज गेली की ते तत्क्षणी बंद पडेल, तेव्हा लहान यूपीएस हवाच.

प्रश्न : स्वस्तातला अ‍ॅडाप्टर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : व्होल्ट मूळ अ‍ॅडाप्टरएवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. डेल व एचपीच्या अनेक अ‍ॅडाप्टरांत मधली बारीक पिन ओळख पटवते. ती जुळली नाही तर मशीन चालेल, पण रडतखडत.