गाडीवाल्याला विचारा : सासऱ्यांची जिप्सी

प्रश्न : आमचं घर बामणोलीच्या अलीकडे, डांबरीपासून दोन किलोमीटर आत आहे. सासऱ्यांची १९९९ ची मारुती जिप्सी आहे. मिस्टरांना महिंद्राची थार घ्यायची आहे आणि जिप्सीला गिऱ्हाईकही आलंय, पण सासरे ऐकत नाहीत. गाडीत एसी नाही, एअरबॅग नाही, मागं बसलं की पाठ मोडते. शिवाय लोक म्हणतात, सरकार जुन्या गाड्या भंगारात काढणार. सासऱ्यांची समजूत कशी घालावी?
– एक सूनबाई, जावळी तालुका

उत्तर : ताई, सासऱ्यांची समजूत घालू नका. साताऱ्यात माझं गॅरेज आहे आणि माझ्या दारातही जिप्सीच उभी असते, तेव्हा माझं पारडं कुणीकडं झुकणार हे धरूनच पुढचं वाचा.

आधी भंगाराची भीती काढतो. इतकी वर्षं झाली की गाडी सरसकट बंद, ही अट दिल्लीकडची. आपल्याकडं पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून पासिंग करायचं, मग दर पाच वर्षांनी. फी मात्र वाढली आहे. पूर्वी ६०० रुपये होती, २०२२ मध्ये ५,००० झाली आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. मागचं पासिंग वेळेवर झालं असेल तर तुम्हाला आता २०२९ पर्यंत बघायला नको.

आता तुमचे ते दोन किलोमीटर. जिप्सीची रुंदी १५४० मिलिमीटर, थारची १८२०. फरक वीतभर आणि वर दोन-तीन बोटं. दोन्हीकडं दगडी गडगा असलेल्या वाटेवर ही वीतच सगळं ठरवते. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास, थार दीड टनाच्या पुढं. थारची ताकद दुपटीहून जास्त आहे, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, घेतली तर ती चिखलातून निघेलही. पण जुलैत खाचराच्या कडेला रुतलेली जिप्सी चार माणसं ढकलून काढतात. थारला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

एकदा बामणोलीहून वर येताना कासच्या अलीकडं माझी क्लचची केबल तुटली. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, मोबाईलला रेंज नाही. गाडी बंद केली, छोटा लिव्हर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर मिळतो त्या जागी, टाकला, पहिला गिअर घातला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी दोन हिसके देऊन चालू लागली. पुढं इंजिनचा आवाज ऐकत, ॲक्सिलरेटर सोडत-धरत गिअर बदलले आणि यवतेश्वरचा घाट उतरून क्लचविना साताऱ्यात आलो. नवी केबल पाऊण तासात बसवली. आताच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच घेत नाहीत. वर्दळीत ते चांगलंच आहे, पण कासच्या धुक्यात मला माझी गाडी हवी. तुमच्या सासऱ्यांनाही असे प्रसंग आले असणार, विचारून बघा.

पण एक गोष्ट मिस्टरांच्या बाजूची, आणि ती मी ठासून सांगतो. मागच्या समोरासमोरच्या बाकावर लेकराला बसवून पुण्याच्या हायवेला जिप्सी काढू नका. खंबाटकीत कंटेनरांच्या मधून जायची ती गाडी नव्हे. नवे सुरक्षा नियम आले तेव्हा, २०१९ मध्ये, ती बंदच झाली. पोरांच्या जिवापुढं माझा जिप्सीचा जिव्हाळा मी बाजूला ठेवतो. थार परवडत असेल तर जरूर घ्या, डांबरीकडेला शेड घालून तिथं लावा. जिप्सी मात्र घरीच राहू द्या. नवी जिप्सी आता मिळत नाही, म्हणूनच गिऱ्हाईक तुमच्या दारापर्यंत आलंय.

ठेवायची तर नीट ठेवा. तुमच्याकडच्या पावसात इंजिनाच्या आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, जाते. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथं चासीला धरलेत तिथं हातोडीनं हलकं ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर आतून गंजलंय, लगेच वेल्डरकडं न्या. ओढ्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते त्याच आठवड्यात बदला. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस ओघळलेलं दिसलं तर सील गेलंय.

हे सगळं सासऱ्यांना ठाऊक असेलच. येत्या रविवारी मिस्टरांना त्यांच्याबरोबर गाडीखाली झोपवा, आणि हातोडी मिस्टरांच्या हातात द्या.