खाऱ्या पाण्यात फेस येत नाही तेव्हा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, मी दर्यापूर तालुक्यातली. आमच्याइकडे बोअरचं पाणी खारं, नळ आठ-आठ दिवस येत नाही. मोबाईलवर पाहून खोबऱ्याच्या तेलाचा साबण घरी केला, तोच केसाले लावला तर फेसच नाही, वरून केस मेणावानी चिकट होऊन राहिले, पोरीच्या कंगव्यात तर पांढरं पांढरं येते. साबण बिघडला का पाणीच तसं आहे? पाउचचा शाम्पू मले बंद करायचा आहे, उकिरड्यावर सारे पाउचच दिसतात.

उत्तर: ताई, साबण बिघडला नाही, पाणीच तसं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला तुमचा सगळा भाग, अमरावती अकोला बुलडाणा मिळून, खारपाणपट्ट्यातच येतो. तिथल्या पाण्यात मीठ तर असतंच, शिवाय बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियमही असतं, आणि साबण कोणताही असो, घरचा की दुकानातला, तो या कॅल्शियमला धरतो आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. पोरीच्या कंगव्यात येतो तो हाच साका, कोंडा समजून अजून घासत बसू नका. पाणी उकळून थोडा जडपणा जातो पण खारेपणा जात नाही, त्यामुळं त्यात लाकडं जाळण्यात अर्थ नाही.

तुमच्या पाण्याला रिठा चालतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते साबणासारखं कॅल्शियमला धरत नाही, म्हणून जड पाण्यातही फेस येतो, साबणाइतका भरघोस नाही पण मळ निघतो. पंधरा-वीस रिठे फोडून बी काढून टाका, साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा (पिण्यासाठी आरओची कॅन आणत असाल तर त्यातलंच लिटरभर घ्या), सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळा, थंड झालं की हातानं कुस्करून फडक्यानं गाळा. मूठभर शिकेकाई आणि दोन-चार वाळलेले आवळे सोबतच भिजवले तर केस मऊ राहतात, नुसत्या रिठ्यानं कोरडे पडतात. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं, लहान लेकराचं डोकं धुताना कपाळावर फडकं धरा.

हा काढा उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्तीचा एकदम करून ठेवू नका, वाळलेल्या सालींची पूड बरणीत ठेवा आणि लागेल तेवढीच भिजवा. सध्या केसात बसलेला साका काढायला मगभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा चिंचेचं पातळ पाणी घालून केसावर ओता आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा, आंबटानं तो सुटतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात धरता आलं तर शेवटचं धुणं त्यानं करा, पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा, पत्र्यावरची सगळी घाण त्यात येते.

एक गोष्ट भंडारा-गोंदियाच्या बायांसाठी, ज्या मामा तलावावर (जुन्या मालगुजारी तलावावर) धुणं-आंघोळ करतात. रिठ्याचं पाणी तलावात, नाल्यात सोडू नका. सॅपोनिन माशांना विषारी असतं. झाडापासून आलं म्हणून कुठंही सांडलं तरी चालतं असं नाही. घरामागं मातीत ओता, तिथं ते कुजून जातं.

प्रश्न: आमचा दहा बायांचा बचत गट आहे, गोंदिया जिल्ह्यात. मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल घरचंच निघते. त्याचा साबण करून विकता येईल का?

उत्तर: साबण उत्तम होतो, आणि हे तेल तुमच्या दारातलं आहे याचा मला फार आनंद आहे, नाहीतर पर्यावरणाच्या नावाखाली आपण केरळातून खोबरेल मागवतो. टोळीचं तेल तीनशे ग्रॅम आणि खोबरेल दोनशे ग्रॅम घेतलं तर कॉस्टिक सोडा 73 ग्रॅम आणि पाणी साधारण पावणेदोनशे ग्रॅम लागतं. नुसत्या टोळीच्या तेलाला फेस कमी, म्हणून तेवढं खोबरेल घ्यावं लागतं. सोडा वजनकाट्यावरच मोजायचा, चमच्यानं किंवा अंदाजानं अजिबात नाही. शुद्ध सोडा आणा, नाली साफ करायची पूड नको.

सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, अंगणात उघड्यावर, लेकरं आणि कोंबड्या लांब. आणि जर्मनचा गंज (अॅल्युमिनियमचं पातेलं) वापरू नका! मी पहिल्या वेळी तोच घेतला होता, सोड्याचं पाणी ओतताच फसफसून धूर निघाला आणि गंजाचं बूड काळंठिक्कर पडलं, अॅल्युमिनियमला सोडा खातो हे मला माहीतच नव्हतं. स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं भांडं घ्या. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे सावलीत वाळू द्या, मगच वापरा.

विकायचं म्हटलं तर साबणही कॉस्मेटिकमध्ये धरतात, त्यासाठी 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली लायसन्स लागतं आणि आपल्याकडं ते अन्न व औषध प्रशासन देतं. आधी गटातल्या दहा घरांपुरता करा, दोन-तीन घाण्यांत वडी एकसारखी यायला लागली की मग जिल्ह्याच्या ऑफिसला जा.

प्रश्न: मी बारावीत आहे. चेहऱ्याला लिंबू आणि खायचा सोडा लावला तर डाग जातात का?

उत्तर: नाही गं बाळा, दोन्ही लावू नको. लिंबू फार आंबट, सोडा त्याच्या उलट्या बाजूला, आणि कातडी या दोन्हींमध्ये सोलून निघते. त्यात लिंबाचा रस लावून आपल्या उन्हात निघालीस तर काळे चट्टे पडतात, फोडही येतात. बेसनात सायीचं दूध कालवून लाव. संत्र्याची साल घालायची असेल तर फवारणी न केलेल्या झाडाची घे, नीट धुऊन सावलीत वाळव, आणि पहिल्यांदा कोपराच्या आत लावून एक दिवस वाट बघ.

प्रश्न: माझे आजोबा गोवरीच्या राखेनं दात घासतात, मलाही तेच सांगतात. केळापूर तालुका, यवतमाळ.

उत्तर: राख खरखरीत असते, रोज घासली की दातावरचं कवच झिजतं आणि मग थंड-गरम लागायला लागतं. आजोबांना हे थोडं हळूच सांगा, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. निंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी चावून मऊ कुंचा करून घासली तर बरी, फक्त हिरड्या सोलेपर्यंत नाही. राखेत तंबाखू मिसळत असाल किंवा गुडाखू (तंबाखूचं मंजन) लावत असाल तर तो आजच बंद करा, ती दाताची पूड नाही, तोंडाच्या कॅन्सरची वाट आहे. आणि एक, तुमच्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. घरातल्या लेकरांच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर ते कोणत्याच मंजनानं जाणार नाहीत, घासून घासून दात झिजवू नका, ग्रामपंचायतीत जाऊन त्या बोअरचं पाणी तपासायला पाठवायला लावा आणि रिपोर्ट येईपर्यंत प्यायला दुसरं पाणी बघा.