भांग झाडाचाच पाला आहे, मग महाशिवरात्रीला ती नाशिकमध्ये बाळगणे चालते का?

नाही, परवान्याशिवाय चालत नाही, आणि ‘नैसर्गिक’ असल्याची सबब कायद्यात कुठेही नाही. घोटाळा होतो तो दोन कायद्यांमुळे. 1985 चा केंद्रीय एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती करतो आणि फुलोरा सोबत नसेल तर पाने व बिया त्यातून वगळतो, म्हणून ‘भांग कायदेशीर आहे’ हे अर्धवट वाक्य सगळीकडे फिरते. परंतु 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, नावात केवळ दारू असली तरी, भांगेच्या पानांनाही मादक द्रव्यच मानतो. उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात, ती तेथील राज्याच्या नियमांमुळे. तो दाखला त्र्यंबकेश्वरात उपयोगाचा नाही. गांजा आणि रासायनिक द्रव्यांबाबत मात्र केंद्रीय कायदाच थेट लागू होतो आणि वजनाची मोजपट्टी फार कडक आहे:

– गांजा: अल्प प्रमाण 1 किलोपर्यंत, व्यापारी प्रमाण 20 किलोपेक्षा जास्त.
– मेफेड्रोन, म्हणजे एमडी: अल्प 2 ग्रॅम, व्यापारी 50 ग्रॅम, व्यापारी प्रमाणाला किमान 10 वर्षे सक्तमजुरी.

2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार या वजनात भेसळीचेही वजन धरले जाते. हे सर्व दोन्ही कायद्यांच्या मजकुरावरून लिहिले आहे. एक अपवाद लक्षात ठेवावा, की थंडाईत पानांबरोबर फुलोरा वाटलेला निघाला, तर ते पेयसुद्धा केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येते.