मेश वायफाय घेण्याआधी तारेचा विचार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नाशिकला आमचे तळमजला आणि वर दोन मजले असे रो-हाउस आहे. फायबरचे कनेक्शन २०० एमबीपीएसचे असून कंपनीचा डबा तळमजल्यावर दाराशेजारी बसवलेला आहे. दिवाणखान्यात वेग उत्तम मिळतो, पहिल्या मजल्यावर कामापुरता मिळतो, आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे मुलगी अभ्यासाला बसते व मी काही दिवस घरून काम करतो, तिथे व्हिडिओ कॉल सतत अडकतो. दुकानदाराने तीन युनिटांचा मेश संच सुचवला आहे. खोक्यावर पाच हजार चौरस फुटांचा दावा आहे आणि आमचे घर जेमतेम सोळाशे चौरस फुटांचे आहे. हा संच पुरेल का? खोक्यावरच्या कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खोक्यावरचा चौरस फुटांचा आकडा आपण सोडून द्यावा. तो मोकळ्या किंवा लाकडी-जिप्समच्या भिंती असलेल्या घरांना थोडाफार लागू पडतो. सळई घातलेल्या काँक्रीटच्या स्लॅबला तो लागू पडत नाही. आपल्या घराची अडचण क्षेत्रफळाची नसून डबा आणि मुलीची खोली यांच्यामध्ये असलेल्या दोन स्लॅबांची आहे. वायफायच्या लहरी मुख्यतः २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतात. वेग देणारा पट्टा ५ चा आहे, परंतु काँक्रीटमधून जाताना तोच जास्त क्षीण होतो. २.४ चा पट्टा वरपर्यंत पोहोचतो खरा, पण त्यात एकमेकांवर न चढणारी अशी तीनच चॅनेले असल्यामुळे रो-हाउसांच्या सलग ओळीत तो शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरून गेलेला असतो. वर मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेषा दिसतात आणि तरीही कॉल अडकतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

मेश संच काय करतो हे नीट लक्षात आले की निवड सोपी होते. मुख्य युनिट फायबरच्या डब्याला जोडले जाते, बाकीची युनिटे घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवली जातात आणि सगळी मिळून एकाच नावाचे, एकाच पासवर्डचे नेटवर्क चालवतात. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या युनिटकडे इंटरनेट कुठून तरी यावे लागते, आणि ते बिनतारी येत असेल तर त्यालाही त्याच दोन स्लॅबांतून यावे लागते. युनिटांमधल्या या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. संचाची किंमत, त्याची पिढी, अँटेनांची संख्या या सगळ्यांपेक्षा आपल्या घरातला अनुभव या एका दुव्यावर ठरतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या संचांत दोनच रेडिओ असतात. वरचे युनिट ज्या ५ गीगाहर्ट्झच्या रेडिओवर खालून माहिती घेते, त्याच रेडिओवर ती आपल्या लॅपटॉपला देते; घेणे आणि देणे एकाच वेळी होत नसल्यामुळे एका टप्प्यात वेग सुमारे निम्मा होतो, आणि तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला अशी साखळी झाली की त्या निम्म्याचाही निम्मा होतो. महागड्या संचांत बॅकहॉलसाठी तिसरा रेडिओ असतो, त्यामुळे हे निम्मे होणे बरेचसे टळते. तरीही स्लॅब आहे तिथेच राहतो.

म्हणून माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे असे की, संच घेण्याआधी तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एक लॅन केबल टाकता येते का ते पाहावे. बहुतेक सर्व मेश संचांना बॅकहॉल तारेने जोडता येतो आणि तार लावली की निम्मे होण्याचा हा सगळा हिशोब संपतो. केबलची मर्यादा १०० मीटर आहे. आपल्या घरात वीस-पंचवीस मीटर पुष्कळ झाली. जिन्याच्या कडेने पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून ती नेता येते. टीव्हीच्या डिशसाठी गच्चीपर्यंत पाइप टाकलेला असेल तर त्यातूनही ती ओढता येईल. विजेच्या तारांच्या पाइपात मात्र ती घालू नये.

केबल घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती वाकवताना तुटते आणि तिची जोडणी काही काळाने सैल पडते. शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल मागावी आणि कापलेल्या टोकाशी तार खरवडून आतला रंग पाहावा. दुसरे म्हणजे, केबलमधल्या आठही तारा कनेक्टरमध्ये बसवायला सांगाव्यात. घाईत चारच बसवणारे कारागीर आहेत. चार तारांवर जोडणी चालते, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, आणि मग दोष विनाकारण संचाला दिला जातो.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. ‘एएक्स १८००’ म्हणजे १८०० एमबीपीएस वेग मिळेल असे नाही. २.४ च्या पट्ट्याचे ५७४ आणि ५ च्या पट्ट्याचे १२०१ यांची ती बेरीज असून वर ढकलून पूर्णांक केलेली आहे. एक मोबाइल एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो आणि कागदावरच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास प्रत्यक्षात मिळाले तरी समाधान मानावे. आपल्या २०० एमबीपीएससाठी वायफाय ६ चा, एएक्स १८०० किंवा एएक्स ३००० वर्गातला संच पुरेसा आहे. वायफाय ७ या त्यापुढच्या पिढीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. त्याऐवजी मागच्या बाजूचे लॅन पोर्ट तपासावेत. काही स्वस्त संचांत ते १०० एमबीपीएसचेच असतात आणि तसे असतील तर आपल्या कनेक्शनचा अर्धा वेग पहिल्याच युनिटच्या दाराशी थांबेल. माहितीपत्रकात ‘गिगाबिट’ असे स्पष्ट लिहिलेले हवे.

तार टाकली तर आपल्याला तीन युनिटांची गरज नाही. एक तळमजल्यावर आणि एक दुसऱ्या मजल्यावर, अशी दोन पुरतील, कारण पहिल्या मजल्याला वरून आणि खालून एकेकच स्लॅब ओलांडावा लागेल. तार टाकणे अगदीच अशक्य असेल तर तीन रेडिओंचा संच घ्यावा आणि मधले युनिट पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ठेवावे. जिना हे स्लॅबमधले एकमेव मोठे भगदाड आहे आणि लहरींना वर जायला तिथेच वाट मिळते. जिथे सिग्नल मरतो तिथे युनिट ठेवण्याची चूक सर्रास होते. जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ते ठेवले, तरच त्याला पुढे देण्यासारखे काही मिळते. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय मोजणारे एखादे ॲप घालून त्या जागी उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) आसपास किंवा त्याहून चांगला आकडा दिसतो का ते पाहावे. या मोजणीत उणे ५० आणि उणे ७० यांमध्ये शक्तीचा फरक शंभरपट असतो, त्यामुळे दोन-चार फूट इकडेतिकडे सरकवूनही परिणाम बदलतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्याआड युनिट ठेवू नये.

संच बसवल्यावर कंपनीच्या डब्यातले वायफाय बंद करावे, नाहीतर मोबाइल जुन्याच नेटवर्कला चिकटून राहतात. आपला डबा स्वतः राउटरचेही काम करत असेल, तर मेश संच ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीने, म्हणजे राउटरचे काम न करता फक्त वायफाय देण्यापुरता, चालवावा किंवा कंपनीला डबा ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकायला सांगावे, म्हणजे तो राउटरचे काम सोडून इंटरनेट नुसते पुढे देईल. दोन्ही एकाच वेळी राउटर झाले की ऑनलाइन खेळ, घरचे कॅमेरे आणि ऑफिसचे व्हीपीएन यांत न उलगडणाऱ्या अडचणी येतात.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे जुने कौलारू घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि जाड आहेत. ओटीवर नेट चालते, माजघरात रखडते आणि मागच्या पडवीत मिळत नाही. आगरात सुमारे चाळीस मीटरवर पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, तिथेही नेट हवे आहे. वीज वारंवार जाते. मेश संचाने हे सगळे होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : घर आणि खोल्या यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

घरात आधी वर पाहावे. कौलारू घरांत आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात आणि माळ्याच्या वरची जागा ओटीपासून पडवीपर्यंत सलग मोकळी असते. आपल्याकडे तसे असेल तर चिऱ्याला भोके पाडण्याची गरज नाही. लॅन केबल वाशांच्या कडेने वरूनच पडवीपर्यंत न्यावी आणि दुसरे युनिट तिथे खाली, माणसाच्या उंचीवर बसवावे. युनिट माळ्यावर ठेवू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालची उष्णता त्याला सोसवणार नाही. उंदरांचा वावर असेल तर केबल पाइपातूनच न्यावी.

आगरातल्या खोल्यांपर्यंत बिनतारी दुवा मी सुचवणार नाही. पावसाळ्यात नारळी-पोफळीची ओली पाने ५ गीगाहर्ट्झच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, आणि मे महिन्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत हमखास लंगडी पडते. अंतर १०० मीटरच्या आत असल्यामुळे लॅन केबल चालेल असे कोणी सांगेल आणि वेगाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेणे कोकणात धोक्याचे आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा ती जवळपास जरी पडली तरी तारेत विजेचा मोठा लोट उठतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. इथे फायबरच टाकावी. खांबावरून आपल्या घरापर्यंत जी बारीक काळी केबल आली आहे तशीच ती असते, काचतंतूतून वीज वाहत नाही, आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारी डबी) लावला की पुढे साधे लॅन मिळते. त्या केबलला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती दोन्ही इमारतींच्या बाहेरच कापून थांबवायला सांगावी. पर्यटकांना पासवर्ड ‘गेस्ट’ नेटवर्कचा द्यावा, म्हणजे त्यांचे मोबाइल आपल्या घरच्या कॅमेऱ्यांपर्यंत आणि संगणकापर्यंत पोहोचणार नाहीत.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट खरेदीआधीच मोजावी लागते. पूर्वी एका डब्याला वीज पुरवली की काम होत असे. आता डबा, दोन-तीन युनिटे आणि दोन कन्व्हर्टर, यांपैकी एकही बंद पडले की पुढचे सगळे बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर ही सर्व उपकरणे त्याच्याच सॉकेटवर येतील अशा जागा आधी निवडाव्यात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस प्रत्येक ठिकाणी लावता येतात, परंतु ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर यूपीएसशी जुळतात का ते वाचूनच घ्यावे. फायबरचे बरेच डबे १२ व्होल्टचे असले तरी सगळी मेश युनिटे १२ व्होल्टची नसतात.

प्रश्न : ठाण्यात आमचा ६५० चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एका बेडरूममध्ये वायफाय कमी येते. मेश घ्यावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नये. आपला डबा दाराशेजारच्या कोपऱ्यात, बहुधा टीव्हीच्या कपाटाआड असावा. तो बाहेर काढून घराच्या मध्याजवळ, पॅसेजमध्ये, पाच-सहा फुटांच्या उंचीवर बसवून घ्यावा. त्यासाठी फायबर थोडी वाढवून द्यायला कंपनीला सांगावे. एवढ्याने भागले नाही तर साठवून ठेवलेला एखादा जुना राउटर त्या बेडरूममध्ये केबलने जोडून ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा. मेश संचाचे पैसे आपल्याला वाचवता येण्यासारखे आहेत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून येणार आहे. तिथे तीन पट्ट्यांचा, ६ गीगाहर्ट्झ असलेला मेश संच सवलतीत मिळतो आहे. आणायला सांगू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा संपूर्ण पट्टा वायफायसाठी मोकळा केला आणि तिथले संच त्या नियमांनुसार बनतात. आपल्या केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला मसुदा मात्र ५९२५ ते ६४२५ एवढ्याच खालच्या भागाचा होता. तिथला संच तिथल्या चॅनेलांवर बांधलेला असतो आणि देश बदलण्याची सोय अनेकदा वापरणाऱ्याच्या हाती नसते. शिवाय तिथल्या अनेक संचांत युनिटांमधला बॅकहॉल मुख्यतः ६ गीगाहर्ट्झवरच असतो, आणि हा पट्टा भिंतींतून जाण्यात ५ पेक्षाही कमजोर आहे. वायफायच्या उपकरणाला भारतात दूरसंचार विभागाची ईटीए मान्यता लागते. इथे अधिकृतपणे विकला जाणारा संच ती घेऊन, इथल्या नियमांप्रमाणे चॅनेले बसवून आलेला असतो. वॉरंटीही बहुधा त्या देशापुरतीच असते, आणि तीन युनिटांपैकी एक बिघडले तर त्याच जातीचे सुटे युनिट इथे मिळणे कठीण जाते. इथे घेताना ‘ट्राय-बँड’ या शब्दावर थांबू नये. तिसरा रेडिओ ५ चाच दुसरा आहे की ६ चा, हे माहितीपत्रकात पाहूनच पैसे द्यावेत.