डोळ्याच्या आत जाणारी औषधं: पहिल्या महिन्यात एवढंच सांभाळ

डोळ्यांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन आहेस, तर औषधांची यादी पाठ करत बसू नकोस. आधी एक थर लक्षात ठेव: कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या अंगाचा, एकाच पेशीच्या जाडीचा एंडोथेलियम. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० पेशी. त्या सतत पाणी उपसतात म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि फार मेल्या की कॉर्निया सुजून दुधाळ होतो.

नव्या मुलींच्या चुका ठरलेल्या:

– बाहेरून घालायचे थेंब आणि आत सोडायचं औषध एकच समजणं. आत जाणारं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) १ टक्का, तेही प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेलंच.
– सेफ्युरोक्झिम (अँटिबायोटिक) घाईत पातळ करणं. आत जातं १ मिलिग्रॅम, ०.१ मिलीत. दशांश चिन्ह एक घर सरकलं की रेटिनाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) मध्यावर सूज येऊ शकते.
– निळं दिसलं म्हणजे ट्रिपान ब्लू (लेन्सचं आवरण रंगवायचा रंग) असं धरणं. मेथिलिन ब्लूही निळंच असतं, आणि एंडोथेलियमला घातक! लेबल नसलेली सिरिंज मी सरळ फेकते. सर (सर्जन) कुरकुरतात, कुरकुरू देत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कॉर्निया या कडेपासून त्या कडेपर्यंत धुरकट दिसला तर लगेच सरांना बोलाव. औषधाची विषबाधा की जंतुसंसर्ग, ते तेच ठरवतील.

आणि पेशंट आजोबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचार. त्यातल्या टॅम्सुलोसिनने आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) लुळी पडते. बाकीचं पुढच्या महिन्यात.